गाडीचा कासरा कोणाच्या हातीं ?



धूर ओकणाऱ्या मोटारींच्या जागीं विजेवर चालणारीं वाहनें आणावयाचीं, हें आतां बहुतेकांस मान्य आहे. वाद आहे तो निराळा. हा पालट सरकारनें हुकूम काढून, पैसे देऊन, कर माफ करून घडवून आणावा, कीं कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्या परस्पर व्यवहारांतून तो आपोआप घडूं द्यावा ? एक पक्ष म्हणतो, बाजाराला हवेची किंमत कळत नाहीं. दुसरा म्हणतो, सरकारला पैशाची किंमत कळत नाहीं. दोन्हीं वाक्यें ऐकावयास चटकदार आहेत आणि दोन्हींत अर्धें अर्धें सत्य आहे. असल्या वादाचा निकाल नुसत्या तर्कानें लागत नाहीं. तो अनुभवानें लावावा लागतो. आमच्या नगर जिल्ह्यानें (2024 पासून त्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे) गेल्या शंभर वर्षांत वाहनांचे आणि इंधनांचे इतके पालट पाहिले आहेत, कीं या खटल्यांतील साक्षी-पुराव्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

या जिल्ह्याच्या वांट्यास एक विलक्षण योग आला आहे. 1 जून 1948 रोजीं मुंबई सरकारच्या मोटार-वाहतुकीची पहिली गाडी पुणें-नगर रस्त्यावर धावली. तीच आपली एस. टी. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, 1 जून 2022 रोजीं, एस. टी.ची विजेवर चालणारी पहिली गाडी ‘शिवाई’ हीही पुणें-नगर मार्गावरच सुरू झाली. तारीख तीच, रस्ता तोच, सुमारें 120 किलोमीटरचें अंतरही तेंच. फरक एवढाच, कीं पहिली गाडी सरकारनें विकत घेतलेली होती आणि दुसरी भाड्यानें आणलेली. या एका फरकांत पाऊणशें वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे, आणि तोच आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 सालीं नगरवरून गेला. तरी पुण्यास आगगाडीनें जावयाचें तर दौंडचा वळसा पडे. म्हणून रस्त्याचें महत्त्व कमी झालें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर या रस्त्यांवर बैलगाड्या-टांग्यांच्या जोडीला भाड्याच्या मोटारी आल्या. त्या काळचा व्यवहार म्हणजे मोकळ्या बाजाराचा उत्तम नमुना होय. ज्याच्यापाशीं थोडें भांडवल असेल त्यानें एक मोटार घ्यावी, उतारू भरले म्हणजे निघावें, आणि मिळेल तें भाडें घ्यावें. 1914 च्या कायद्यानें गाडीची नोंदणी आणि हांकणाऱ्याचा परवाना यांपलीकडे फारसें कांहीं पाहिलें नव्हतें. या धाडसी माणसांचे उपकार मानलेच पाहिजेत. सरकारी तिजोरींतून गाडीसाठीं एक पैही न घेतां त्यांनीं खेड्यापाड्यांस मोटारीची ओळख करून दिली. परंतु ज्या रस्त्यावर उतारू पुष्कळ, तेथें गाड्यांची एकच झुंबड उडे. ज्या रस्त्यावर उतारू थोडे, तेथें कोणी फिरकत नसे. वेळेचा नेम नाहीं, भाड्याचा नेम नाहीं, गाडींत किती माणसें कोंबावयाचीं याचाही नेम नाहीं. शेवटीं 1939 च्या मोटार वाहन कायद्यानें प्रवासी गाड्यांस मार्गाचे परवाने लागू केले. म्हणजे मोकळ्या बाजाराला कुंपण घालण्याचें काम स्वराज्य येण्यापूर्वींच सुरू झालें होतें.

त्याच सुमारास दुसरें महायुद्ध पेटलें, आणि इंधन बदलण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या देशांत घडला. आजच्या पिढीला त्याची बहुधा वार्ताही नसेल. 1941 सालीं पेट्रोलचें नियंत्रण आलें. पेट्रोल मिळेना, तेव्हां मोटारींच्या मागें लोखंडी भट्ट्या बसविण्यांत आल्या. त्यांत लोणारी कोळसा अर्धवट जाळून जो ज्वालाग्राही वायु निघे, त्यावर इंजिन चाले. गाडी सुरू करण्यापूर्वीं भट्टी पेटवावी, पंखा फिरवावा, वायु जमेपर्यंत वाट पाहावी, आणि चढ आला म्हणजे गाडीनें धापा टाकाव्यात, असा तो प्रकार होता. गैरसोय पुष्कळ, पण गत्यंतर नव्हतें. युद्ध संपलें, पेट्रोल हळूंहळूं पुन्हां मिळूं लागलें, आणि त्या भट्ट्या मोडींत गेल्या. त्या बंद करा, असें कोणास सांगावें लागलें नाहीं. यांत पहिला धडा आहे. सक्तीनें आणलेला पालट सक्ती असेपर्यंतच टिकतो. नवी वस्तु स्वतःच्या गुणावर जुनीहून सरस ठरली, तरच ती पुढें घर करून राहते. हा धडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां 1948 कडे वळूं. सरकारनें मोटार-वाहतूक आपल्या हातीं घेतली, तेव्हां अनेक लहान मालकांच्या धंद्यावर गदा आली, हें विसरतां कामा नये. पण त्याच्या बदल्यांत काय मिळालें, हेंही मांडिलें पाहिजे. पुणें-नगरसारख्या भरभरून चालणाऱ्या रस्त्यावरील शिलकींतून अकोल्याच्या डोंगराळ भागांतील किंवा जामखेड-पाथर्डीच्या माळरानावरील तोट्याची गाडी चालवितां येऊं लागली. खाजगी मालकास हें करतां येत नाहीं. त्याचें मन कठोर असतें म्हणून नव्हे. एका गाडीच्या मालकापाशीं दुसऱ्या मार्गाचा नफा असतच नाहीं. पुढें 1950 च्या कायद्यानें मार्ग-परिवहन महामंडळांस निश्चित रूप आलें. एस. टी. खेड्यांत रात्रीं मुक्कामास राहूं लागली आणि पहांटे शाळेचीं मुलें, दुधाच्या किटल्या, बाजाराचीं गांठोडीं घेऊन तालुक्यास जाऊं लागली. चौंडीच्या लेकीच्या, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या, नांवानें शाळकरी मुलींस मोफत पास देण्याची योजनाही याच एस. टी.च्या आधारानें चालली. मुलगी सातवीनंतर शिकली कीं घरीं बसली, याचा निर्णय अनेक गांवांत सकाळच्या गाडीनें केला आहे. हा हिशेब कोणत्याही ताळेबंदांत दिसत नाहीं.

मात्र मक्तेदारीला शेजारी नसतो, आणि ज्याला शेजारी नाहीं त्याला लाज वाटण्याचा प्रसंगही थोडाच येतो. गाड्या जुनाट झाल्या, तोटा सांचत गेला, वेळापत्रक भिंतीवर राहिलें. मग काळी-पिवळी जीप आली, वडाप आलें. आणि 1948 सालीं पुढच्या दारानें बाहेर घातलेला बाजार मागच्या दारानें पुन्हां घरांत शिरला. दुसरा धडा असा, कीं सरकार जेथें बाजाराची जागा घेतें तेथें त्यानें बाजाराएवढी तत्परता दाखविली पाहिजे. नाहीं तर लोक कायद्याकडे पाठ फिरवून आपली सोय आपणच लावतात.

आतां खाजगी उद्योगाची बाजू पाहूं. मुंबई विधानसभेचे 1946 ते 1952 या काळांतील अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया हे नगरचे. त्यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीनें 1972 सालीं ‘लूना’ नांवाची हलकी दुचाकी बाजारांत आणिली. नगरच्या कारखान्यांत तयार झालेली ती गाडी पुढें देशभर गेली. पन्नास घनसेंटिमीटरचें इंजिन, पायडल मारून सुरू करण्याची सोय, आणि सायकलीहून थोडें अधिक वजन, असें तिचें रूप होतें. तो काळ परवान्यांचा. स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. सायकल पुरत नाहीं आणि स्कूटर परवडत नाहीं, असा जो मोठा वर्ग मध्यें लोंबकळत होता, म्हणजे शाळामास्तर, तलाठी, गवळी, फिरता विक्रेता, त्याची नड या उद्योजकानें ओळखली. पुढच्याच वर्षीं, 1973 अखेरीस, अरब राष्ट्रांच्या तेलबंदीमुळें तेलाच्या किमती कांहीं महिन्यांत चौपट झाल्या, आणि थोड्या पेट्रोलांत चालणाऱ्या वाहनाचें मोल सर्वांस कळलें. अशी गाडी काढा, असें कोणत्याही समितीनें सुचविलें नव्हतें. गिऱ्हाइकाच्या पायांतला कांटा पाहण्याची दृष्टि बाजारापाशीं असते. ती दफ्तरापाशीं क्वचित् असते. हा तिसरा धडा.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. लूनाच्या जातीचें लहान दोनघाती इंजिन पेट्रोलाबरोबर तेलही जाळीत असे आणि निळसर धूर सोडीत असे. त्या धुराची किंमत गाडी घेणाऱ्यानेंही दिली नाहीं आणि विकणाऱ्यानेंही दिली नाहीं. ती रस्त्यावरून चालणाऱ्यानें आपल्या छातीनें दिली. धुराच्या मर्यादा घालण्याचें काम 1991 पासून टप्प्याटप्प्यानें सरकारलाच करावें लागलें. ज्या तोट्याचें बिल भलत्याच माणसाच्या नांवें फाडलें जातें, तो तोटा बाजाराच्या वहींत चढत नाहीं. तेथें सरकार हवेंच.

नव्या शतकाच्या आरंभीं जुनी लूना बंद पडली. फेब्रुवारी 2024 मध्यें त्याच घराण्यांतील कंपनीनें तीच विजेवर चालणारी करून, ‘ई-लूना’ या नांवानें, पुन्हां आणिली. तीही नगरच्याच कारखान्यांत बनते. आरंभीं तिची किंमत 70 हजार रुपयांच्या आंत ठेविली होती. पण या पुनर्जन्माच्या वेळीं बाजार एकटा नव्हता; सरकार सुईणीसारखें उशाशीं बसलेलें होतें.

सरकारच्या या मदतीचा इतिहास थोडक्यांत सांगतों. केंद्र सरकारनें 2015 सालीं ‘फेम’ ही योजना काढली आणि 1 एप्रिल 2019 पासून तिचा दुसरा टप्पा 10 हजार कोटी रुपयांच्या तरतुदीनें सुरू केला. विजेच्या दुचाकीस बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागें 10 हजार रुपये मिळत. जून 2021 मध्यें तो आंकडा 15 हजार झाला, आणि अनुदान गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत जाऊं लागलें. विक्री भराभर वाढली. मग 1 जून 2023 पासून अनुदान पुन्हां 10 हजारांवर आणि कमाल मर्यादा 15 टक्क्यांवर आणण्यांत आली. परिणाम काय झाला ? मे महिन्यांत देशांत एक लाखाहून अधिक विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली होती. जूनमध्यें ती निम्म्याहून खालीं गेली. गिऱ्हाईक वस्तूसाठीं आलें होतें कीं सवलतीसाठीं, असा प्रश्न कोणीही विचारावा. शिवाय देशी भाग वापरण्याची अट कांहीं उत्पादकांनीं मोडली असें ठरवून सरकारला दिलेले पैसे परत मागावे लागले. जेथें गुळाची ढेप तेथें मुंगळे येणारच.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हीही कोळशाच्या भट्टीचीच गोष्ट. आधार काढला कीं गाडी मोडींत. पण थांबा. भट्टी गेली ती परत आली नाहीं. विजेची दुचाकी पडली, आणि पुन्हां उठली. अनुदान त्यानंतरही कमीच होत गेलें. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या योजनेंत तें किलोवॅट-तासामागें 5 हजारांवर आणि दुसऱ्या वर्षीं अडीच हजारांवर आलें. तरीही 2024-25 या वर्षांत देशांत 11 लाखांहून अधिक विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या. कारण मधल्या काळांत बॅटरी स्वस्त झाली, कारखाने शिकले, आणि रोजच्या फेरीला पेट्रोलपेक्षां वीज स्वस्त पडते हें दुधवाल्यानें आणि पार्सलवाल्यानें आपल्या हिशेबानें पडताळून पाहिलें. लहान मुलास चालावयास शिकवितांना बोट धरावें लागतें. बोट धरणें हें चूक नव्हे. दहा वर्षांच्या मुलाचें बोट धरून ठेवणें हें चूक, आणि मूल रस्त्याच्या मध्यभागीं असतांना एकाएकी बोट सोडणें हीही चूक. नॉर्वे देशानें विजेच्या मोटारींवरील करांत 1990 पासून सवलती दिल्या आणि पेट्रोलच्या मोटारींवर भारी कर ठेविले. तें धोरण तीस वर्षें टिकविलें, तेव्हां 2024 सालीं तेथें विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तेथें सवलतीइतकेंच काम स्थैर्यानें केलें आहे.

आतां ‘शिवाई’कडे येऊं. तिच्या आगमनाच्या जेमतेम सहा आठवडे आधीं एस. टी. कर्मचाऱ्यांचा पांच महिन्यांहून अधिक चाललेला संप संपला होता. महामंडळ शासनांत विलीन करावें, ही त्यांची मुख्य मागणी होती. कामगार सरकारच्या अधिक जवळ जाऊं पाहत होते, आणि नवी गाडी मात्र सरकारपासून दूर, भाडेतत्त्वावर येत होती. या पद्धतींत गाडी, तिची दुरुस्ती आणि चालक कंपनीचे. मार्ग, तिकीट आणि वाहक महामंडळाचे. आणि कंपनीस पैसे मिळावयाचे ते धावलेल्या किलोमीटरवर. गाडी महाग, महामंडळाची तिजोरी रिकामी, तेव्हां ही युक्ति वरवर पाहतां शहाणपणाची आहे. 2023 सालीं महामंडळानें अशाच 5,150 गाड्यांचें कंत्राट दिलें. परंतु ठरल्या वेळीं ठरलेल्या गाड्या आल्या नाहींत, आणि 2025 सालीं कंत्राट रद्द करण्याची भाषा खुद्द परिवहनमंत्र्यांस करावी लागली. म्हणजे सरकारची दिरंगाई टाळावी म्हणून बाजाराकडे जावें, तर तेथेंही दिरंगाई वाट पाहत बसलेलीच !

पण माझी खरी चिंता उशिराची नाहीं. ती मुक्कामाच्या गाडीची आहे. ज्याला किलोमीटरमागें पैसे मिळतात, त्याला रुंद आणि लांब रस्ता आवडणार, हें उघड आहे. डोंगरांतल्या वाडीवर रात्रभर उभी राहणारी आणि सकाळीं पंचवीस मुलें घेऊन निघणारी गाडी त्याच्या गणितांत बसत नाहीं. त्यांतून ती विजेची असेल तर त्या वाडीवर रात्रीं भरणीची सोय पाहिजे, आणि ती सोय करावयाची तर आधीं तेथें खात्रीची वीज पाहिजे. हें कलम करारांत स्पष्ट शब्दांनीं लिहिलें नाहीं, तर शहरें विजेच्या थंड गाड्यांतून फिरतील आणि खेड्याच्या वांट्यास जुना धूर किंवा पायपीट येईल. हवा शुद्ध करण्याच्या नांवाखालीं असा पंक्तिप्रपंच होऊं नये.

सरकार आणि बाजार यांखेरीज तिसरीही एक वाट आहे, आणि ती दाखविण्याचा मान याच जिल्ह्याकडे जातो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि 1950-51 मध्यें त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. साखरेचा बाजार शेतकऱ्याला लुटतो, अशी तक्रार होती. पण शेतकऱ्यांनीं कारखाना सरकारच्या स्वाधीन केला नाहीं, स्वतःच कारखानदार झाले. पुढें याच उंसाचा संबंध मोटारीशीं आला. पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचा केंद्राचा कायदा 1948 चाच. तो पुष्कळसा कागदावर राहिला आणि 2000 सालीं रद्द झाला. नव्या कार्यक्रमानें मात्र वेग घेतला. 2014 च्या सुमारास पेट्रोलांत इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतें. तें 2022 सालीं 10 टक्के आणि 2025 सालीं 20 टक्के झालें. साखर कारखान्यांनीं कर्जें काढून आसवन्या वाढविल्या. आणि 7 डिसेंबर 2023 रोजीं, साखरेचा तुटवडा पडेल या भीतीनें, उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास केंद्रानें एकाएकी बंदी घातली ! आठवड्याभरांत ती थोडी सैल केली, आणि पुढच्या हंगामासाठीं उठविली, हें खरें. पण कर्जाचें व्याज बंदीच्या काळांत थांबत नाहीं. धोरण चुकीचें असलें तरी माणूस त्याच्याशीं जुळवून घेतो. रोज बदलणाऱ्या धोरणाशीं जुळवून घेणें मात्र कोणासच साधत नाहीं.

या सर्व साक्षींतून निकाल कोणता काढावा ? मला वाटतें, कामाची वांटणी केली म्हणजे भांडण पुष्कळसें मिटतें. गाडी कशी असावी, किती किमतीची असावी, हें कारखानदार आणि गिऱ्हाईक यांनीं ठरवावें. लूनानें तें सिद्ध केलें आहे. मोजमाप आणि परीक्षा हें काम सरकारचें. नगरजवळ वाहननगर येथें संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे आणि तेथें नव्या वाहनांची अधिकृत परीक्षा होते. 2022 सालीं विजेच्या दुचाकी पेटण्याच्या बातम्या आल्या, तेव्हां बॅटरीचे नियम कडक करण्याचें काम बाजारानें आपण होऊन केलें नाहीं. भरणी-केंद्रांचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. वाहनाला वीज भरून देणें ही विजेची विक्री नव्हे, त्यासाठीं वेगळा परवाना नको, असें केंद्रानें एप्रिल 2018 मध्यें स्पष्ट केलें, आणि धाबेवाल्यासही तो धंदा मोकळा झाला. कधीं कधीं सरकारचें सर्वांत मोठें साहाय्य म्हणजे वाटेंतील दगड उचलणें हेंच असतें. आणि वीज कोठून येते, हें पाहण्याचें कामही सरकारचेंच. देशांतील वीज अद्याप बहुतांशीं दगडी कोळशावर तयार होते. तीच गाडींत भरली तर धूर नगरच्या रस्त्यावरून उठून दुसऱ्या जिल्ह्याच्या डोक्यावर जातो. भंडारदऱ्याच्या पाण्याची, सुप्याजवळील कवड्या डोंगरावरच्या वाऱ्याची, आणि आमच्या माळरानावर फुकट पडणाऱ्या उन्हाची वीज गाडीस मिळेल, तेव्हांच ती खरोखर निर्धूर म्हणावी.

राहिली खेड्याची गाडी. तिचा भार बाजारावर टाकूं नये, आणि केवळ सरकारवरही टाकूं नये. गांवोगांव दूध संस्था आहेत, सेवा सोसायट्या आहेत. आपल्या छपरावरच्या उन्हाच्या विजेनें मुक्कामाची गाडी भरून देण्याचें काम त्यांच्याकडे कां देऊं नये ? महामंडळानें गाडी पाठवावी, कारखानदारानें ती बनवावी, आणि गांवानें तिला रात्रीं चारापाणी करावें. आपल्या वाडवडिलांनीं पाहुण्याच्या बैलांना वैरण घालतांना सरकार कीं बाजार, असा वाद घातला नव्हता. कासरा एकाच्या हातीं असला तरी गाडी ओढावयास दोन बैल लागतात, आणि वाट गांवाची असते. पुढच्या काळांत विजेच्या किती गाड्या धावल्या याचे आंकडे निघतील, ते निघोत. पण शेवटच्या वाडीवरची मुलगी वेळेवर शाळेंत पोंचली कीं नाहीं, या एका प्रश्नावर मी या साऱ्या धोरणाची परीक्षा घेईन.